उधारीला गावचे दुकान, रोखीला बारामती

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव ही गावे मागे पडतात आणि निमगाव केतकी लागते. ऊस, डाळिंब आणि विड्याच्या पानांचे मळे ही या गावाची ओळख. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. या रस्त्यावरच्या कोणत्याही पेठेत उभे राहून पाहिले तर तांबोळी, बागवान, आतार, मणियार, पिंजारी, शिकलगार, कापडवाला यांपैकी कोणी ना कोणी आपल्या समाजाचा सापडतोच. किराणा आणि खताची दुकाने बहुधा इतरांची, तर बांगडी, कापड, गादी आणि पान यांत आपली माणसे जास्त. ही वाटणी कुणी कागदावर केलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या सर्व दुकानांची तक्रार आज एकच आहे, आणि ती आम्ही या पानावर मांडत आहोत. गिऱ्हाईक उधारीसाठी आमच्याकडे येते आणि हातात रोख पैसा आला की बारामतीला जाते.

ही तक्रार नुसती रडगाणे होऊ नये म्हणून तिचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. आम्ही कापडवाले आहोत, तेव्हा कापडाचेच उदाहरण देतो. गावच्या कापड दुकानात दोन प्रकारची विक्री असते. एक फुटकळ : टॉवेल, परकर, लुंगी, बनियन, टोपी, चादर, अस्तर, ब्लाऊजपीस. दुसरी म्हणजे लग्नाचा बस्ता. फुटकळ विक्री वर्षभर चालते, तिच्यात नफा थोडा आणि उधारी फार. बस्ता वर्षातून ठराविक महिन्यांत येतो, पण एका बस्त्यात जे मिळते ते दोन महिन्यांच्या टॉवेल-परकरात मिळत नाही. पूर्वी गावातील निम्मे तरी बस्ते गावात किंवा फार तर इंदापुरात बांधले जात. आता घरातील पंधरा-वीस माणसे गाडी करून बारामतीला, अकलूजला, नाहीतर थेट पुण्याला जातात. तेथे वातानुकूलित दुकान असते, चहा-नाश्ता मिळतो, मुलीला आरशापुढे उभे करून पन्नास साड्या दाखवल्या जातात. त्यात वावगे काही नाही. ज्याच्या घरी लग्न आहे त्याला हौस असणारच. मात्र त्याच घराचा दहा महिन्यांचा टॉवेल-परकर आमच्या चोपडीत लिहिलेला असतो, आणि शहरातून बस्ता आणल्यानंतर तोच गृहस्थ पेठेत भेटला की म्हणतो, "चाचा, लग्नात सगळं अंगावर आलंय, कारखान्याचं बिल निघालं की तुमचं पहिलं." आपण म्हणतो, "बरं आप्पा." दुसरे काय म्हणणार? त्यांच्या आणि आमच्या वडिलांचाही असाच व्यवहार होता.

आता हे कारखान्याचे बिल म्हणजे काय ते पाहू. आमच्या वाचकांपैकी जे मालेगाव-भिवंडीकडचे आहेत त्यांना ऊसवाल्या गिऱ्हाइकाचा अनुभव नाही. या भागात भवानीनगरचा छत्रपती, शहाजीनगरचा नीरा-भीमा, बिजवडीचा कर्मयोगी असे साखर कारखाने आहेत. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला तर तो तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. सुरू हंगामाचा ऊस जानेवारी-फेब्रुवारीला लावला तरी वर्ष जाते. म्हणजे शेतकऱ्याने आज बेणे लावले की पैशाचे तोंड वर्ष-दीड वर्षाने दिसणार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत त्याची किंमत देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. प्रत्यक्षात पहिली उचल, मग पुढचा हप्ता, मग दिवाळीचे बिल असे तुकडे पडत आले. २०२२ मध्ये राज्य सरकारने हे तुकडे पाडणे नियमातच बसवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. शेतकऱ्यांच्या संघटनांनी त्याचा आनंद केला. आम्ही दुकानदारांनीही करायला हवा होता, कारण उसाचा पैसा एकदम आणि वेळेवर आला तर आमची चोपडी वेळेवर मिटते. परंतु कारखान्याच्या बिलाची बातमी आपला दुकानदार वाचत नाही. ती शेतकऱ्याची बातमी असे त्याला वाटते.

पानमळ्याचे तसे नाही. शेवरी, हदगा, पांगारा यांच्या आधाराने वेल चढवलेली असते, तिला सावली आणि पाणी सतत लागते, वर्षातून एकदा वेल उतरवून पुन्हा मातीत दाबावी लागते. मेहनत उसापेक्षा कितीतरी जास्त. पण पानाचा खुडा वर्षभर थोड्या थोड्या दिवसांनी होत राहतो आणि प्रत्येक खुड्याला हातात काहीतरी पडते. दुकानात बसणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. पानमळ्याचे गिऱ्हाईक लहान खरेदी करते, भाव करते, आणि पैसे देऊन जाते. उसाचे गिऱ्हाईक मोठी खरेदी करते, भाव फारसा करत नाही, आणि लिहून ठेवायला सांगते. भाव न करणारे गिऱ्हाईक पाहून नवा दुकानदार खूष होतो. जुना सावध होतो.

पानाची विक्री पूर्वापार ज्यांच्या हाती, त्या तांबोळी बांधवांचे मात्र अलीकडे हाल आहेत. गुटख्याने पानाची सवय आधीच कमी केली होती. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी गेलेले गिऱ्हाईक सगळे परत फिरले नाही. त्यात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली. पानटपऱ्या बंद, लग्ने बंद. खुडलेले पान दोन-चार दिवसांवर टिकत नाही, आणि वेलीवर ठेवावे तर ते जून होते.

येथे समुद्रकाठाचा एक दाखला देण्याजोगा आहे. पान आमच्याकडचे असले तरी त्यातली नामांकित सुपारी कोकणातली, श्रीवर्धनची रोठा. टाळेबंदीत इकडे पान वाया जात असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे घेते. विड्याची दोन्ही टोके एकाच वर्षात तुटली. आम्हाला त्यातून घ्यायचे आहे ते वेगळेच. श्रीवर्धन, मुरूड, हर्णै अशा समुद्रकाठच्या लहान गावांतील दुकानेही आमच्यासारखी उधारीवरच चालतात. तेथील गिऱ्हाईक मच्छीमार किंवा बागायतदार, नाहीतर ज्याचा मुलगा आखातात नोकरीला आहे असा कोकणी मुसलमान. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत घरात तांदूळ, मीठ, छत्री, लुंगी लागतेच, आणि ते सारे उधारीवर जाते. पण तेथील दुकानदाराला एक गोष्ट पक्की माहीत असते : नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, पहिली मासळी लिलावाला आली की वसुली सुरू होणार. त्याची मुदत समुद्राने ठरवून दिलेली आहे. आखातवाल्याची मुदत महिन्याच्या हुंडीने ठरलेली आहे. दोघांचीही तारीख सगळ्या गावाला ठाऊक असते.

आमच्याकडे तारीख नाही. "बिल आल्यावर" ही तारीख नव्हे. कोणते बिल? पहिली उचल की दिवाळीचे? ऊस याच हंगामात तुटणार की तोड लांबून पुढे जाणार? हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो, गिऱ्हाइकाला सांगायला संकोच वाटतो, आणि त्या संकोचात वर्ष निघून जाते.

पूर्वी हे चालत असे, कारण आम्हालाही वरून मुदत मिळे. इचलकरंजी, सोलापूर, मालेगावचा व्यापारी किंवा मागवाला तीन-चार महिने थांबे, कधी सहाही. तो थांबे म्हणून आम्ही थांबू शकत होतो. साखळी लांब होती पण सगळीकडे सारखी सैल होती. गेल्या काही वर्षांत तिचे वरचे टोक घट्ट झाले आणि खालचे तसेच सैल राहिले. आमच्या धंद्यावरचा खरा ताण हा आहे. मॉल आणि मोबाईलवरची खरेदी यांच्या नावाने जितके बोटे मोडणे चालते, त्याच्या निम्म्याने जरी या गोष्टीची चर्चा झाली असती तरी बरे झाले असते.

वरचे टोक कसे घट्ट झाले? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्यापूर्वी कापडावर विक्रीकराची झळ नव्हती. म्हणूनच त्या महिन्यात सुरतेच्या कापड बाजाराने दीर्घ हरताळ पाळला. कर पाच टक्के आहे, तो काही जिवावर येण्यासारखा नाही. खरा बदल असा की प्रत्येक गाठ बिलावर आली, आणि बिल फाडले त्या महिन्याचा कर वरच्या व्यापाऱ्याला भरावाच लागतो, मग आपण त्याला पैसे दिलेले असोत वा नसोत. सहा महिने थांबणे त्याला महाग पडू लागले. त्याच्या आदल्या वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. आमच्या भागातील उसाचा पैसा बहुतांशी जिल्हा बँकेतच जमा होतो. त्या हंगामात गिऱ्हाइकाच्या पासबुकात पैसा होता आणि हातात नव्हता. चोपडीतील वसुली एक हंगाम पुढे गेली आणि कित्येकांची ती परत जागेवर आलीच नाही.

मग आली ती पंचेचाळीस दिवसांची अट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत देण्याचा कायदा २००६ पासून आहेच. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत. तो कुणी फारसा मनावर घेत नसे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम लागू झाले आणि ३१ मार्च २०२४ अखेरच्या हिशेबालाच ते लागले. त्याचा साधा अर्थ असा : उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराकडून माल घेतला, मुदत उलटली, आणि वर्षअखेरीस त्याचे पैसे देणे राहिले, तर तेवढी खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरली जाणार नाही. न मिळालेल्या नफ्यावर कर भरावा लागेल. पैसे ज्या वर्षी द्याल त्या वर्षी खर्च मान्य होईल. त्या मार्चमध्ये कापड बाजारात माल परत पाठवण्याची जी धावपळ झाली ती याचमुळे.

या कायद्याला आम्ही वाईट म्हणणार नाही. मागावर बसणारा आपलाच भाऊ आहे. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याचे पैसे सहा-सहा महिने दाबून ठेवून मोठ्या पेढ्या स्वतःचा धंदा करत, हे काही चांगले नव्हते. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. परंतु त्याचा बोजा साखळीत कुठे जाऊन पडला हेही पाहिले पाहिजे. ज्याची उलाढाल दोन कोटींच्या आत आहे आणि जो अंदाजित नफ्यावर आयकर भरतो, अशा निमगावच्या छोट्या दुकानदाराला हे कलम सरळ लागत नाही. ते लागते त्याच्या वरच्या घाऊक व्यापाऱ्याला. घाऊक व्यापारी व्यापारी असल्याने त्याला स्वतःला या अटीचे संरक्षण नाही, पण मागवाल्याला मात्र वेळेत द्यावे लागते. तेव्हा तो काय करतो? तो आपल्याला सांगतो, "मियाँ, अब पैंतालीस दिन से ऊपर नहीं चलेगा." आणि आपण तेच वाक्य पाटलांना ऐकवू शकत नाही.

याचा आकडा मांडून दाखवतो. समजा दुकानात एक लाखाचा माल आहे आणि त्यावर दहा टक्के सुटतात. पैसा दोन महिन्यांत फिरून आला तर वर्षात सहा फेरे होतात आणि साठ हजार मिळतात. तोच पैसा आठ महिने चोपडीत अडकला तर फेरे दीड, मिळकत पंधरा हजार. भाडे, वीज आणि मुलाची फी यांना दोन्ही हिशेबांत सारखेच पैसे लागतात. उधारीवर व्याज आपण लावत नाही आणि लावूही नये. त्यामुळे हे पंचेचाळीस हजार गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. त्याला वाटते, चाचांचे काय जाते, माल तर तोच आहे.

म्हणून काही तरुण दुकानदारांनी पाटी लावली आहे : आज रोख, उद्या उधार. शहरातील मोबाईल-कव्हर विकणाऱ्याला ती पाटी शोभते. गावच्या कापडवाल्याने ती लावली तर त्याने स्वतःच्या दुकानाचे कारणच काढून टाकले. रोखच द्यायची असेल तर गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल? बारामतीचा रस्ता आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पाटस-बारामती-इंदापूर-तोंडले या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. रस्ता रुंद झाला की वारकऱ्यांची सोय होते, आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत गिऱ्हाइकाची बारामतीला जाण्याची सोय होते. निमगावचे दुकान निमगावात आहे एवढ्या एका कारणावर ते पुढे टिकणार नाही.

उधारी टिकवायची, पण तिला तारीख द्यायची, असे आमचे मत आहे. चोपडीत नुसते नाव आणि रक्कम न लिहिता मुदत लिहावी : पहिल्या उचलीला, पोळ्याला, दिवाळीच्या बिलाला, डाळिंबाचा बहार निघाल्यावर. आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. कुरआन मजीदमध्ये मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याविषयी जी आयत आहे ती सर्वांत लांब आयत आहे, हे मदरशात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दुकानात बसल्यावर मात्र आपण म्हणतो, सही मागितली तर माणूस नाराज होईल. कायदाही सहीच्या बाजूने आहे. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा करण्याची मुदत तीन वर्षे. त्या मुदतीत ऋणकोने देणे मान्य करून सही केली तर मुदत नव्याने सुरू होते. आपल्यापैकी कोर्टात कोण जाणार आहे? कुणीच नाही. पण सही असली की तगादा करावा लागत नाही, आणि घरात बाप वारला तरी मुलगा आकडा नाकारत नाही. पावसाने पीक गेले, ऊस जळाला, अशा वेळी मुदत वाढवून द्यावी, तीही लिहून. अडलेल्याला सवड देणे वेगळे आणि ज्याने नुकताच शहरातून दोन लाखांचा बस्ता आणला त्याला सवड देणे वेगळे. हे दुसरे आम्हाला मान्य नाही.

तेव्हा गिऱ्हाइकाशी स्पष्ट बोलावे, गोड शब्दांत बोलावे. "आप्पा, बस्ता कुठेही बांधा, पण आहेर, टोप्या, उपरणी, मानपानाची लुगडी आमच्याकडून न्या." बस्त्यात शालू आणि शेरवानी यांची शान शहरात जास्त आहे हे कबूल. पण बस्त्याचा मोठा भाग मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपी आणि शर्ट-पँटपीस यांचाच असतो आणि त्यात शहराचा भाव आपल्यापेक्षा स्वस्त नाही. शहरातील दुकान वीस साड्या परत घेत नाही. आपण लग्नाच्या आदल्या रात्रीही बदलून देतो.

रात्रीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, जी हिशेबात येत नाही. गावात कुणी रात्री वारले की कफनाचे कापड लागते. आपल्यात तर लागतेच, इतर समाजातही पांढरे कापड लागते. अशा वेळी शहरातील कोणतेही दुकान उघडत नाही. दोनच्या सुमारास दारावर थाप पडते आणि गावचा कापडवाला उठून शटर वर करतो. त्या कापडाचा भाव कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मिळतील तेव्हा मिळतील. गाव एवढे एक लक्षात ठेवते. परंतु लक्षात ठेवण्याने दुकानाचे भाडे निघत नाही, म्हणून बाकीचे दिवस आपण नीट हिशेबाने वागले पाहिजे.

खरेदीच्या बाजूलाही करण्यासारखे आहे. या रस्त्यावरील गावांतून आपले जे कापडवाले आहेत ते प्रत्येकजण एकट्याने घाऊक व्यापाऱ्याकडे जातो आणि दहा-वीस हजारांचा माल उचलतो. चार-पाच दुकानदारांनी मिळून सोलापूरहून चादर-टॉवेल आणि इचलकरंजीहून सुती कापड एकत्र मागवले तर मधला एक थर कमी होतो, आणि तेवढ्या फरकात मागवाल्याला पंधरा दिवसांत रोख देता येते. रोख देणाऱ्याला तो आणखी भाव सोडतो. हे आम्ही पूर्वीही सुचवले आहे. अडचण भांडवलाची कमी आणि स्वभावाची जास्त आहे : शेजारच्या दुकानदाराला आपला खरेदीचा भाव कळू नये असे प्रत्येकाला वाटते. तो त्याला कळतोच. घाऊक व्यापारी दोघांना सारखाच भाव लावतो आणि दोघांनाही सांगतो की तुम्हाला स्वस्त दिले.

गिऱ्हाइकाचीही नवी जात ओळखली पाहिजे. बारामतीच्या एमआयडीसीतील टेक्स्टाईल पार्कमध्ये आसपासच्या खेड्यांतील बायका शिवणकामाला जातात. महिन्याला पगार घेणारी बाई हे कोकणातील आखातवाल्या घरासारखे गिऱ्हाईक आहे. तारीख ठरलेली, पैसा थोडा पण नेमाने येणारा. ती संध्याकाळी सात-साडेसातला गावात उतरते आणि तोपर्यंत आपले निम्मे दुकानदार गल्ला मोजून घरी गेलेले असतात. तिला पैसे द्यायला मोबाईल चालतो. दुकानात मोबाईलने पैसे घेण्याची पाटी नसेल तर ती दुसऱ्या दिवशी बारामतीतच खरेदी करून येते.

पालखीचा मुक्काम हा वर्षातील रोखीचा सर्वांत मोठा दिवस. प्लॅस्टिकचा कागद, टॉवेल, उपरणे, चप्पल, बॅटरीचे सेल जे हाताशी ठेवाल ते जाते. २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही, तेव्हा या एका रात्रीचे मोल पेठेला कळले. आपले दुकानदार वारकऱ्यांना पाणी देतात, ओटा झोपायला देतात, हे पूर्वीपासून आहे. विक्री त्याच्या पाठोपाठ येते. पण एक रात्र वर्ष तारून नेत नाही.

कारागिरांविषयी थोडे. पिंजाऱ्याचा धंदा फोमच्या गादीने खाल्ला, कल्हईवाल्याचा स्टीलने. शिकलगाराचा विळा-कोयता ऊसतोडीमुळे अजून चालतो. शिंप्याचे मात्र अर्धे काम तयार कपड्यांनी नेले असले तरी अर्धे शिल्लक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्केच जीएसटी आहे, पूर्वी हजाराच्या वर बारा टक्के होता. म्हणजे तयार कपडा आणखी स्वस्त झाला आणि शिंप्यावरचा दाब वाढला. त्याला टिकायचे तर मापाच्या दुरुस्त्या, ब्लाऊज, आणि शाळेचे गणवेश.

गणवेशाचे प्रकरण आपल्या लोकांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. २०२४-२५ साली राज्य सरकारने सगळ्या राज्यासाठी एकच गणवेश ठरवला. कापड वरून एकगठ्ठा आले आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. मुलांना गणवेश उशिरा मिळाले, मापे चुकली, ओरड झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. म्हणजे निमगावच्या शाळेचे कापड कुणाकडून घ्यायचे हे निमगावातील पालकांची समिती ठरवू शकते. एका गणवेशाला तीनशे रुपये ही रक्कम लहान आहे, त्यात नफा फार नाही. पण पैसा समितीच्या खात्यातून येतो, तेथे "बिल आल्यावर" हा प्रकार नाही. कापडवाला आणि शिंपी यांनी मिळून, कापड आणि शिलाई एकाच दरपत्रकात देऊन हे काम मागावे. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असल्यास जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण छापील बिलबुक मात्र पाहिजे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. समितीची बैठक एप्रिलात होत असेल तर दरपत्रक मार्चमध्ये मुख्याध्यापकांच्या टेबलावर असावे, आणि सोबत कापडाचा एक धुतलेला तुकडा जोडावा, म्हणजे रंग जातो की राहतो हे समितीतील बायकांना हाताळून पाहता येईल.